मुंबईच्या बाल्कनीत आवळा हवा असेल तर रायआवळा लावा

तुमचा प्रश्न असा आहे: बोरिवलीत तिसरा मजला, पूर्वेची बाल्कनी, सकाळी चार-पाच तास ऊन. तिथे ड्रममध्ये आवळा लावला तर फळं धरतील का, आणि ती कधी तोडायची?

धरतील, पण मोठ्या डोंगरी आवळ्याचा नाद सोडा आणि रायआवळा लावा. शाळेबाहेरच्या गाडीवर तिखट-मीठ लावून मिळतात ना, ते पिवळसर कंगोऱ्यांचे, तेच. मुलुंडला आमच्या गच्चीत ड्रममध्ये हेच झाड आहे, म्हणून इतक्या खात्रीने सांगते.

मोठा आवळा कुंडीत जगतो, पण फळासाठी तरसवतो. कारण नुसत्या जागेचं नाही. एकटं झाड स्वतःच्या परागांवर नीट फळत नाही, म्हणून एन.ए. 7 या जातीच्या जोडीला कृष्णासारखी दुसरी जात जवळपास लागते. बाल्कनीत दोन आवळे कुठे मावणार? सोसायटीच्या आवारात मोकळी माती असेल तर मात्र दोन कलमं जरूर लावा. कंपाउंडची भिंत आणि ड्रेनेजची लाइन यांपासून लांब लावा, कारण 1975 च्या वृक्ष कायद्यामुळे मोठं झालेलं झाड पालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि तोडायची वेळ येऊच नये.

या मोठ्या आवळ्याची एक गोष्ट माहीत असावी. फुलं मार्च-एप्रिलमध्ये येतात, पण फळ पावसाळ्यापर्यंत दिसतच नाही. ते धरलेलं असतं, फक्त वाढ थांबलेली असते. लोक मे महिन्यात ‘यंदा काही धरलं नाही’ म्हणून झाडाकडे पाठ फिरवतात, आणि पाऊस स्थिरावला की त्याच फांद्यांवर दाणे दिसू लागतात. तोडणी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास सुरू होते. एक फळ कापून बी बघा. पांढरट असेल तर थांबा, गडद झालं की तोडा. काठीने झोडपू नका, हाताने तोडा. मार लागलेला आवळा डागाळतो आणि बरणीतल्या बाकीच्यांनाही नासवतो.

आता तुमच्या रायआवळ्याकडे येऊ. त्याला कोकणपट्टीची दमट हवा मानवते. नर्सरीत गुटी कलम (झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) आहे का ते विचारा. बियांपासूनचं रोप असेल तर भरघोस फळासाठी साधारण चौथ्या वर्षापर्यंत धीर धरावा लागतो. थंडीत राणीबागेत पालिकेचं झाडांचं प्रदर्शन भरतं, तिथेही एक फेरी मारा.

ड्रम 60 लिटरचा घ्या, तळाला भरपूर भोकं पाडा आणि विटांवर ठेवा. लाल माती, शेणखत आणि निचऱ्यासाठी थोडी जाड वाळू, वर दोन मुठी निंबोळी पेंड. आपल्याकडे जून-जुलैत झाड पाण्यावाचून मरत नाही, साचलेल्या पाण्याने मुळं कुजून मरतं. ओल्या मातीसकट हा ड्रम 80 किलोच्या आसपास जातो. तो ग्रिलवर अजिबात ठेवू नका, भिंतीलगत जमिनीवरच ठेवा. खालून माणसं चालतात. पावसाआधीचे वारे सुरू झाले की खोडाला आधार बांधा.

सगळ्यात महत्त्वाचं छाटणीचं. रायआवळ्याला फुलं कोवळ्या शेंड्यांवर येत नाहीत. जुन्या, पानं नसलेल्या फांद्यांवर, कधी थेट खोडावर, बारीक गुलाबी फुलांचे झुबके फुटतात. ‘ही फांदी वाळलीय’ असं वाटून माणूस नेमकी तीच कापतो आणि वर्षाचं फळ जातं. फांदीची साल नखाने थोडी खरवडा. आत हिरवी असेल तर हात लावू नका. उंची आवरायची असेल तर फळं उतरल्यावर फक्त शेंडे खुडा. थंडीत पानं गळली तरी घाबरू नका.

फळं उन्हाळ्यात तयार होतात. आधी हिरवी आणि घट्ट असतात, मग हळूहळू फिकट पिवळी होतात आणि सालीला मेणासारखी चमक येते. त्या वेळी एक दाणा दातांखाली धरून बघा. कुरकुरीत आणि रसाळ लागला की तोडणीला लागा. आंबट तर तो लागणारच, आंबटपणा जाण्याची वाट बघत बसाल तर फळं गळून जातील. खाली जुनी चादर अंथरा, फांदी एका हाताने धरा आणि दुसऱ्या हाताने घोस अलगद ओरबाडा. लोणच्यासाठी जरा हिरवट असतानाच काढावीत, मुरांब्यासाठी पूर्ण पिवळी. साखरेत मंद आचेवर शिजवत ठेवली की ही फिकट फळं हळूहळू माणकासारखी लाल होतात. रंग घालावा लागत नाही. निदान एकदा तरी घरी करून बघा.

ऑनलाइन ‘गूजबेरी’ म्हणून काटेरी झुडपाच्या बियांची पाकिटं मिळतात, ती घेऊ नका. ते थंड देशांतलं झाड आहे. त्याला 7 अंशांखालची थंडी शेकडो तास लागते, आणि सांताक्रूझला आजवरचं सर्वांत कमी तापमान 7.4 अंश आहे, तेही 1962 च्या जानेवारीतलं.

रायआवळा फळेपर्यंत बाल्कनी रिकामी वाटत असेल तर शेजारी रसभरी (केप गूजबेरी, कागदी कवचातलं पिवळं-नारिंगी फळ) लावा. बाजारातलं एक पिकलेलं फळ चुरडून बिया धुवा आणि पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरा. 12 इंची कुंडी पुरते. नत्राचं खत फार घालू नका, नाहीतर नुसता पाला माजतो. पांढरी माशी आली तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब साबण घालून संध्याकाळी फवारा. रसभरी तोडायची नसते. भोवतालचं कवच कागदासारखं सुकलं की फळ आपोआप खाली पडतं, ते वेचायचं. कवचासकट ठेवलं तर बरेच दिवस टिकतं. घरात लहान मुलं असतील तर हिरवं फळ त्यांच्या हाती लागू देऊ नका. टोमॅटो-बटाट्याच्याच कुळातलं आहे, कच्चं खाल्लं तर पोटाला त्रास होतो.