बोर्ड जेन ४, मग एसएसडी जेन ३च्या स्पीडने का?

प्रश्न: नवीन पीसी जुळवतोय. रायझन ५ ५६००जी, बी५५० मदरबोर्ड आणि जेन ४ची एनव्हीएमई एसएसडी असं ठरलंय. पूर्ण स्पीड मिळेल ना? – एक वाचक, सातारा

उत्तर: नाही मिळणार, आणि बरं झालं आधीच विचारलंत. जेन म्हणजे एसएसडी ज्या पीसीआयई जोडणीवर चालते तिची पिढी. बी५५० वर प्रोसेसरजवळचा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) जेन ४ असतो खरा, पण त्याच्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, थेट प्रोसेसरकडून येतात आणि ५६००जी जेन ३ वरच थांबतो, म्हणजे सेकंदाला ७००० एमबी वेगाची एसएसडी लावली तरी साधारण ३५०० एमबीच मिळणार. साधा ५६०० घेतलात तर जेन ४ मिळतं, पण त्यात ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागेल. कार्ड घ्यायचं नसेल तर माझं स्पष्ट मत, जेन ३ची चांगली १ टीबी घ्या, विंडोज आणि रोजच्या कामात फरक जाणवतसुद्धा नाही. दुसरा एम.२ स्लॉट चिपसेटवरून (बोर्डवरच्या वेगळ्या चिपवरून) चालतो, तो जेन ३च, आणि बऱ्याच बोर्डांवर तो भरला की साटाचे (हार्डडिस्क जोडायचे) दोन पोर्ट बंद पडतात, तेव्हा जुनी हार्डडिस्क लावणार असाल तर पैसे देण्याआधी मॅन्युअलमध्ये ते पान बघाच.