शिजवलेल्या खिम्यातली भेसळ डीएनए चाचणीत कळते का?

प्रश्न असा आहे की ठाण्यातल्या हॉटेलातून आणलेल्या मटण खिम्यात दुसऱ्या प्राण्याचं मांस असल्याची शंका आहे. शिजवल्यावर ते डीएनएवरून पकडता येतं का, आणि नमुना कसा द्यायचा?

पकडता येतं. शिजवल्यावर डीएनए तुटतो, पण नाहीसा होत नाही. म्हणून लॅब मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) डीएनए घेते (एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात) आणि 100-150 बेसजोड्यांचाच (डीएनएच्या अक्षरजोड्यांचाच) तुकडा पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पद्धतीने, वाढवते. शेळी, मेंढी, म्हैस, गाय, कोंबडी, प्रत्येकाचे प्रायमर (नेमका तो तुकडा शोधणारे छोटे डीएनए) वेगळे. लॅब 'बारकोडिंग करू' (म्हणजे डीएनएचा लांब तुकडा वाचून प्राणी ओळखू) म्हणाली तर नको म्हणा. त्याला साधारण 650 बेसजोड्यांचा अखंड तुकडा लागतो, तो शिजलेल्या मांसात सहसा मिळत नाही; आणि मिसळलेल्या खिम्यात दोन प्राण्यांच्या डीएनएचे क्रम एकमेकांवर चढतात.

घोळ होतो तो रिपोर्ट वाचताना. खिमा दह्यात मुरवला असेल तर दुधातल्या पेशींमुळे गाय किंवा म्हैस खरोखरच 'आढळते'. कबाबात अंडं असेल तर कोंबडी. खिमा करायच्या त्याच यंत्रातून आधी चिकन निघालं असेल तरी कोंबडीच. 2013 मध्ये गोमांसाच्या पदार्थांत घोड्याचं मांस सापडलं, त्या प्रकरणात ब्रिटनने 1 टक्क्याची रेघ धरली, ती अशा अंशांना वगळण्यासाठीच. त्यामुळे नुसतं 'म्हैस आढळली' वाचून हॉटेलात भांडायला जाऊ नका. नेमकी टक्केवारीही या चाचणीतून मागू नका. कलेजीत आणि मांसात मायटोकॉन्ड्रियाची संख्या सारखी नसते.

उलट बाजूही बघा. मसाला आणि चरबी पीसीआरला अडवतात. रिपोर्टमध्ये बकराही आढळला नसेल आणि दुसरं काहीच नसेल, तर बहुधा चाचणीच फसली आहे.

नमुना: रस्सा निथळून चार-पाच जागांवरून मिळून 100 ग्रॅम, कोरड्या स्वच्छ चमच्याने, झिपच्या पिशवीत, लगेच फ्रीझरमध्ये. लिंबू, व्हिनेगर, फॉर्मलिन अजिबात नाही. पाठवताना थर्माकोलच्या डब्यात बर्फाचे पॅक. हैदराबादची राष्ट्रीय मांस संशोधन संस्था अशा तपासण्या करते.

मात्र घरून पाठवलेल्या नमुन्यावर कारवाईची अपेक्षा ठेवू नका. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 च्या कलम 40 प्रमाणे ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो, पण तसा इरादा विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावा लागतो. दोष निघाला तर फी परत मिळते. हे काउंटरवर सांगणं अवघड वाटत असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयात लेखी तक्रार द्या. अधिकारी स्वतः नमुना घेऊन त्याचे चार भाग करून सील करतो.