मॉरिशसमध्ये बागेत दिसलेले चष्मेवाले पक्षी अतिदुर्मिळ आहेत का?

आपण विचारले आहे की मॉरिशसमधील हॉटेलच्या बागेत पाच-सहा जणांच्या थव्याने फिरणारे राखाडी पक्षी म्हणजेच तेथील अतिदुर्मिळ चष्मेवाला का. नाही. आपण पाहिलेला राखाडी चष्मेवाला होता. तोही जगात फक्त मॉरिशसमध्येच आढळतो, परंतु तो बागांमध्ये, वस्तीजवळ सहज रमतो आणि उडताना त्याची पांढरी कंबर लगेच ओळखू येते.

दुर्मिळ आहे तो ऑलिव्ह चष्मेवाला. पाठ मळकट हिरवी, आकार आपल्याकडच्या चष्मेवाल्याएवढाच. मात्र चोच अधिक लांब आणि खाली वाकलेली, कारण त्याचे बरेचसे जगणे देशी झाडांच्या फुलांतील मधावर चालते. तो सहसा थव्याने नव्हे, तर जोडीने दिसतो. 1975 साली त्याच्या सुमारे साडेतीनशे जोड्या होत्या आणि 2001 पर्यंत त्या दीडशेच्याही खाली आल्या. मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे हे एक कारण. परंतु माझ्या मते त्याहून मोठा घाव उंदरांचा आणि बाहेरून आणलेल्या माकडांचा आहे, कारण ते घरट्यांतील अंडी आणि पिल्लेच फस्त करतात, त्यामुळे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानासारखे संरक्षित रान असूनही नवी पिढी वाढत नाही. 1892 मध्ये तेथे नेलेला आपला शिपाई बुलबुल परक्या झुडपांच्या बिया रानभर पसरवतो, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणूनच मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने 2006 पासून काही पक्षी महेबुर्गजवळच्या इल ओ एग्रेत या अवघ्या 26 हेक्टरच्या, उंदीर नसलेल्या बेटावर नेऊन सोडले आणि त्यांना पूरक अन्नही पुरवले. संस्थेच्या मार्गदर्शकासोबत बोटीने तेथे जाता येते, आणि आपल्याला हा पक्षी पाहायचा असेल तर तेथेच जावे. मला तो तेथे सकाळी, मार्गदर्शकाच्या पुढे दहाएक पावलांवर दिसला. फांदीला उलटा लटकून त्याने फुलात डोळ्यापर्यंत चोच खुपसली आणि मान बाहेर काढली तेव्हा कपाळावर पराग चिकटलेले होते. त्याच्या पायात ओळखीची रंगीत कडी होती, त्यावरून मार्गदर्शकाने तो नेमका कोणता पक्षी आहे हे वहीत टिपून घेतले.