एकाच सिरीयल पोर्टवर दोन प्रोग्रॅम चालतील का?

लॉक फाइल (पोर्ट वापरात आहे ही खूण) लावून जहाजांचा नकाशा दाखवणारा प्रोग्रॅम आणि नोंदी लिहिणारी स्क्रिप्ट एकाच पोर्टवर एकदम चालतील का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. लॉक म्हणजे एक आत, दुसरा दाराबाहेर. शिवाय पोर्टमधलं जसंच्या तसं फाइलमध्ये उतरवणारी 'कॅट' कमांड लॉक बघतही नाही.

पण मला खटकली ती तुमची पुढची ओळ: 'रत्नागिरीची खारी हवा, कन्व्हर्टर बदला, असं दुकानात सांगितलं.' (कन्व्हर्टर म्हणजे सिरीयलचं यूएसबी करणारी जोडणी.) या किनाऱ्यावर प्रत्येक बिघाडाला हेच उत्तर मिळतं. गुहागरला एका घरी तुमच्यासारखीच मांडणी होती. कौलांवर एआयएसचा (जहाजं आपली जागा आणि नाव रेडिओवर कळवतात ती यंत्रणा) अँटेना, रिसीव्हर ३८४०० बॉडला (सेकंदाला इतक्या बिटांचा वेग), ओपनसीपीएन या प्रोग्रॅमवर नकाशा आणि मागे 'कॅट'नं फाइलमध्ये नोंदी. जयगडकडची जहाजं दिसायची, पण नावाच्या जागी नुसता ९ आकडी एमएमएसआय, म्हणजे जहाजाचा रेडिओ-क्रमांक. दोन कन्व्हर्टर आणि एक केबल बदलून झाली, नावं काही येईनात.

कारण लिनक्स दोन्ही प्रोग्रॅमना पोर्ट उघडू देतं, पण डेटाची प्रत कुणालाच देत नाही. जो आधी वाचेल, बाइट त्याचे. नोंदींची फाइल उघडली तर ओळ '!एआयव्ही'वर, म्हणजे सुरुवातीलाच तुटलेली, उरलेली नकाशाकडे गेलेली. चालत्या जहाजाची जागा दर २ ते १० सेकंदांनी येते, म्हणून चार वाक्यं (एआयएसच्या ओळी) गेली तरी जहाज दिसत राहतं. नाव मात्र ५ क्रमांकाच्या संदेशात, ६ मिनिटांतून एकदा, आणि तेही दोन वाक्यांत मिळून. एकाचा चेकसम (ओळ शाबूत आहे का ते तपासणारा आकडा) चुकला की नाव गेलं. वर बॉड आणि पॅरिटी (चूक पकडणाऱ्या बिटाची सेटिंग) पोर्टची असते, प्रोग्रॅमची नव्हे. शेवटी ज्यानं बदलली त्याची दोघांना लागू.

म्हणून पोर्टला मालक एकच ठेवा: सेरटूनेट, म्हणजे सिरीयल पोर्टचा डेटा नेटवर्कवरून अनेकांना वाटणारा प्रोग्रॅम. त्याच्या यॅमल (सेटिंगच्या) फाइलमध्ये टीसीपी पोर्ट २०००, ३८४००एन८१ (वेग ३८४००, पॅरिटी नाही, ८ डेटा बिट, १ स्टॉप बिट) आणि मॅक्स-कनेक्शन्स ४ लिहा. ही शेवटची ओळ लिहायची राहिली तर दुसरा प्रोग्रॅम जोडलाच जात नाही. टीसीपी लोकलहोस्टपुरतंच, म्हणजे त्याच कॉम्प्युटरपुरतं ठेवा. पोर्टचं नाव 'सिरीयल/बाय-आयडी'मधलं द्या. वीज जाऊन आली की टीटीवाय-यूएसबी या नेहमीच्या नावातला आकडा बदलू शकतो. मग ओपनसीपीएनमध्ये सिरीयल कनेक्शन काढून नेटवर्क, टीसीपी निवडा आणि स्क्रिप्टमध्ये 'कॅट'ऐवजी नेटवर्कवरून वाचणारी 'एनसी' घाला. गुहागरला एवढं केल्यावर जुन्याच केबलवर नावं आली.

तरीही वाक्यं तुटली तर 'फ्यूझर -व्ही' चालवून पोर्ट आणखी कुणी धरलाय का बघा. मोडेममॅनेजर (लिनक्समध्ये मोडेम सांभाळणारा प्रोग्रॅम) न विचारता यूएसबी पोर्टवर एटी कमांड, म्हणजे मोडेमसाठीचे हुकूम पाठवू शकतो. मोबाइल डोंगल वापरत नसाल तर मोडेममॅनेजर काढून टाका.

विंडोजवर दुसऱ्या प्रोग्रॅमला सरळ 'ॲक्सेस डिनाइड' मिळतं. ते मला बरं वाटतं, निदान दोष कुठे आहे ते कळतं. तिथे कॉमझिरोकॉम (आभासी पोर्टच्या जोड्या बनवणारा) आणि हबफोरकॉम (एका पोर्टचा डेटा अनेकांना वाटणारा) वापरा.

खाऱ्या हवेनं पिना खराब होतात हे खरंच. पण तेव्हा एकटा प्रोग्रॅमही चुकतो. एकटा नीट आणि दोघं मिळून चुकत असतील तर खिशात हात घालू नका.

आणि हे सगळं फक्त ऐकणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. सोलर इन्व्हर्टरला मॉडबसवर (प्रश्न विचारून यंत्राकडून आकडे घेण्याची पद्धत) दोघं प्रश्न विचारत असतील तर सेरटूनेटमधूनही प्रश्न एकमेकांवर आदळतील. तिथे विचारणारा एकच ठेवून दुसऱ्यानं त्याच्याकडून आकडे घ्यायचे.