जळगावहून आम्ही मित्र पहिल्यांदाच बॅग पाठीला लावून परदेशात जातोय. लोकल खाणं आणि रात्रीची मजा, दोन्ही कमी पैशात कुठे मिळेल?

भाऊ, डोळे झाकून व्हिएतनाम, आणि सुरुवात हनोईपासून करा. मुंबईहून थेट विमान आहे, ई-व्हिसा घरबसल्या २५ डॉलरमध्ये होतो. राहायचं ओल्ड क्वार्टरमध्येच, म्हणजे हनोईच्या जुन्या शहरात, हॉस्टेलला डॉर्म (बऱ्याच जणांची एकत्र खोली) घ्या म्हणजे संध्याकाळी सगळं पायी पायी फिरता येतं. तिथल्याच ता हिएन गल्लीत फुटपाथवर वीतभर उंचीची प्लॅस्टिकची स्टुलं मांडलेली असतात, त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं अन् बिया होई मागवायची, ही रोज ताजी बनणारी हलकी बिअर, थेट पिंपातून ग्लासात ओततात आणि एकदम स्वस्त.

खायला बून चा, म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस अन् तांदळाच्या शेवया, दुपारीच गाठा, दुकानाच्या दारातच कोळशावर मांस भाजत बसलेले असतात आणि तो धूर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना येतो तसा लांबूनच ओढून नेतो. सकाळी फो (शेवयांचं गरम सूप), रात्री भूक लागली की बान्ह मी (तिथलं पावातलं सँडविच), आणि अंड्याची कॉफी तर प्याच प्या. ग्रुपमध्ये कोणी शाकाहारी असेल तर आधीच सांगतो, नुसत्या भाज्यांतही मासळीचा सॉस असतो, विचारूनच घ्या.

एक मात्र ऐका, पिऊन गाडीला हात लावू नका. तिथे २०२० पासून एक घोट घेतला असला तरी दंड आहे. ग्रॅब या ओला-उबरसारख्या अ‍ॅपवरून बाईक बोलवा अन् सरळ हॉस्टेलवर या. शुक्रवार ते रविवार होआन कीएम तळ्याभोवती रात्री गाड्यांना बंदी असते, रस्ता पायी फिरायला मोकळा, तेव्हाच पोचाल असं तिकीट काढा.