गाळा घेण्याआधी टाकी धुवायला शिकू द्या

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र मिळालं. मुलगा मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. झालाय, त्याला मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणारा छोटा कारखाना, काढायचीय, पिंपळगावच्या बाजूला महामार्गालगत त्याने जागाही हेरून ठेवलीय आणि सगळी भिस्त तुमच्या निवृत्तीच्या पैशांवर आहे. कर किती, परवाने किती आणि पैसे घालू की नको, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : आत्ता घालू नका. मुलाच्या आवडीवर मला शंका नाही. पण या धंद्यात पहिला ग्लास विकला जाण्याआधी महिनोन्महिने पैसा जातो, आणि तो पैसा तुमच्या म्हातारपणाचा असू नये.

दारूला जीएसटी नाही हे ऐकून मुलं खूश होतात. दुखणं नेमकं तिथेच आहे. पिण्याची दारू राज्यघटनेनेच जीएसटीबाहेर ठेवलीय, त्यामुळे बिअरवर राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट लागतो. टाक्या, यंत्रं, भाडं यांच्यावर मात्र जीएसटी भरावाच लागतो, आणि विक्रीवर जीएसटी नसल्याने त्याची वजावट मिळत नाही. समजा 60 लाखांची यंत्रसामग्री घेतली, तर 18 टक्क्यांनी 10 लाख 80 हजार रुपये झाले. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखानदार ही रक्कम पुढच्या करातून वळती करून घेतो. तुमच्या मुलाला ती भांडवलातच धरावी लागेल. सोबत खाणं ठेवलं तर त्यावर साध्या हॉटेलासारखा 5 टक्के जीएसटी, आणि त्यातही वजावट नाही. एकाच टेबलाच्या बिलात चकण्याला जीएसटी, बिअरला व्हॅट. विवरणपत्रंही वेगवेगळी. म्हणून सीए असा शोधा, ज्याच्याकडे आधीपासून परमिट रूमवाले येतात.

दरही कायम राहत नाहीत. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट 5 वरून 10 टक्क्यांवर गेला, परवाना शुल्क वाढलं, तेव्हा 14 जुलै 2025 ला राज्यभरातल्या बारवाल्यांनी बंद पाळला होता. शुल्काचे आकडे मोबाइलवर शोधून हिशेब मांडू नका. राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात जाऊन चालू वर्षाचा तक्ता मागा. परवान्याचं वर्ष 31 मार्चला संपतं, तेव्हा वर्षाच्या मधेच परवाना मिळाला तर किती भरायचं, हेही विचारून घ्या.

परवाने एका खिडकीत मिळत नाहीत. बिअर बनवण्याचा परवाना महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 खाली. ती बसून पिण्यासाठी विकायची तर विक्रीचा परवाना. अन्नसुरक्षेचा परवाना, कारण मद्यासाठी 2018 चे स्वतंत्र नियम आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती उभारणीआधी एकदा आणि चालू करण्याआधी पुन्हा, कारण यीस्ट आणि साखर मिसळलेलं सांडपाणी तसंच गटारात सोडता येत नाही. शिवाय अग्निशमन आणि स्थानिक संस्थेची कागदपत्रं. प्रत्येक अर्जात जागेचा पत्ता लागतो, म्हणजे जागा आधी घ्यावी लागते. महिना दीड लाख भाडं धरा आणि परवाने, बांधकाम यांत 9 महिने गेले असं समजा. साडेतेरा लाख, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास 16 लाख. टाकीत तोवर थेंबही नाही. परवाना मिळेपर्यंत नाममात्र भाडं, असं कलम करारात घालायला मालक तयार नसेल, तर ती जागा सोडलेली बरी.

तुम्ही सांगितलेली जागा मला तशीही धोक्याची वाटते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. पुढच्या वर्षी शहरांच्या हद्दीतल्या रस्त्यांना मोकळीक मिळाली, पण तुमची जागा हद्दीबाहेर आहे. तिथे आज काय चालतं ते लेखी घ्या. शिवाय गावातल्या बायांनी मागणी केली तर उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

‘सुलाला जमलं, मला का नाही’ असं मुलगा नाशिकच्या त्या वाइन कंपनीकडे बोट दाखवून म्हणतो. त्याला सांगा, वाइनच्या मागे 2001 चं द्राक्ष प्रक्रिया धोरण उभं होतं. शेतकऱ्याच्या द्राक्षांना गिऱ्हाईक हवं म्हणून शासनाने उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूरला वाइन पार्क काढला. बिअरचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) राजस्थान-हरयाणाच्या जवाचं, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बहुतेक परदेशातून. ती सवलत बिअरला नाही. पीएमईजीपी या केंद्राच्या स्वयंरोजगार योजनेचं अनुदानही विसरा. मादक पदार्थ आणि दारू देणारी हॉटेलं त्या योजनेतून वगळलेली आहेत.

मग त्याने काय करावं? आधी नोकरी. राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी 2009 मध्ये पुण्यात सुरू झाली आणि आज पुण्यात ब्रुअरच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारागिराच्या, हाताखाली काम मिळू शकतं. माल्ट भरडायचं, 65 अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवायचं, गोड पाणी काढून हॉप्ससह उकळायचं, गार करून यीस्ट सोडायचं, एवढं त्याला पुस्तकातून येत असेल. पण दिवसाचा मोठा भाग जातो गरम ओला चोथा फावड्याने उपसण्यात आणि कॉस्टिक सोड्याने टाक्या धुण्यात. पाइपाच्या जोडातला रबरी वायसर काढून त्याच्या खाली घासावं लागतं. तिथे जंतू राहिले की पुढची अख्खी टाकी आंबट पडून ओतून द्यावी लागते. तिथेच त्याला कळेल की एल जातीची बिअर दोन-तीन आठवड्यांत विकायला निघते आणि लागर कितीतरी जास्त दिवस टाकी अडवून बसते, म्हणजे कोणती बिअर करायची हा भाड्याचाही प्रश्न आहे. पुण्याला जायचं नसेल तर जानेवारी ते मार्च दिंडोरी-विंचूरच्या वायनरीत हंगामी कामाला लावा. टाक्या, यीस्ट आणि स्वच्छता यांची शिस्त तीच.

शिकायचंच असेल तर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन, ब्रुइंग आणि अल्कोहोल टेक्नॉलॉजीची एम.एस्सी. आहे. बी.एस्सी. नंतर हा रस्ता मला सगळ्यात भक्कम वाटतो, कारण ब्रुअरी निघाली नाही तरी यीस्ट, औषध, अन्नप्रक्रिया अशी दारं उघडी राहतात.

वहिनी माळकरी आहेत आणि घरात यावरून बोलणं बंद झालंय, असं तुम्ही शेवटी दोन ओळींत लिहिलंय. ते मला बाकी सगळ्याइतकंच महत्त्वाचं वाटलं. त्यांचा विरोध भीतीतून आलेला नाही, श्रद्धेतून आलाय, आणि नफ्याचा हिशेब दाखवून तो मिटणार नाही. मुलाने स्वतः आईशी बोलावं, तुम्ही मध्यस्थ होऊ नका. निदान त्यांच्या नावावरची जमीन तारण ठेवण्याचा विषय घरात काढू नका.

जागामालकाला टोकन दिलं असेल तर पावतीची झेरॉक्स पाठवा. दिलं नसेल तर थांबा, आणि मुलाला अधीक्षक कार्यालयातून तो तक्ता घेऊन माझ्याकडे येऊ द्या.