पगार विचारायची लाज कशाची?

एका बाईचं पत्र आलंय: 'पुण्याच्या ऑफिसातून मँचेस्टरला आले. आधीचा पगार विचारला, मी खरा सांगितला आणि त्यावरच थोडं वाढवून दिलं. वर्षापूर्वी कळलं, माझ्यानंतर लागलेला, तेच टेस्टिंग करणारा मुलगा माझ्यापेक्षा जास्त घेतो. हे म्हणतात, परक्या देशात आहोत, कामून वाद घालतीस?'

लातूरच्या माझ्या माय, हे कळल्यावर तू वर्षभर गप्प बसलीस कशी? चारचौघांत पगाराचं बोलू नये, हे आपण घरातून शिकून येतो आणि कंपन्यांच्या ते पथ्यावर पडतं. काम समुद्रापार जातं, तुझा भाव मात्र पुण्याच्या जुन्या पगारावरच ठरतो.

माझी आत्या बीडची. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल मुकादम माझ्या मामांच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, हातात मोजायचा. आत्या पहाटे भाकरी थापून फडात जायची, दिवसभर मोळ्या बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. मजुरी किती, विचारलं की म्हणायची, 'हिशोब मालकायलाच माहीत.' तुझी तर पेस्लिप तुझ्या नावाची आहे, बाई!

ब्रिटनमधल्या 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टप्रमाणे, म्हणजे समानतेच्या कायद्याप्रमाणे, बाई असो की पुरुष, समान कामाला समान पगार हा हक्क आहे, व्हिसावर आलेल्यांनाही. भेदभाव होतोय का हे पडताळायला सहकाऱ्याशी पगाराचं बोललीस, तर करारातलं गुप्ततेचं कलम तुला अडवू शकत नाही. 250 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना 2017 पासून बायका-पुरुषांच्या पगारातली तफावत दरवर्षी जाहीर करावी लागते. तुमच्या कंपनीचा आकडा सरकारी साइटवर बघ. पण तो सगळ्यांचा मिळून असतो, तेवढ्यावर तुझी बाजू सिद्ध होत नाही. म्हणून मॅनेजरला तोंडी नको, ईमेल कर: माझं काम हे, त्याचं काम हे, फरक कशाचा? उत्तर गोलमाल आलं तर 'एकॅस'ला, म्हणजे नोकरीतल्या तंट्यांवर सल्ला देणाऱ्या तिथल्या संस्थेला, फोन लाव, सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. आणि रागाच्या भरात राजीनामा टाकून घरी बसू नकोस. नोकरी सुटली की दावा लावायला साधारण सहाच महिने मिळतात.

नवरोबांना वाद नको असेल तर ईमेल तरी तपासून द्या म्हणावं.

लेकरू मराठी बोलत नाही? तुम्ही दोघं घरात इंग्रजी बंद करा, बोलेल. सासूबाईंच्या येसराचा वास शेजाऱ्यांना जातो म्हणतेस, तर खिडकी लावून घे. उरलाच तर थोडा इकडे पाठव.